गाणं नाटकात राहायचं तेव्हा

नाट्यसंगीताच्या मैफलीला आजही गर्दी होते. दिवाळी पहाट असो, पाडव्याचा कार्यक्रम असो, की एखाद्या संस्थेच्या वर्धापनदिनाची संध्याकाळ असो, नांदी होते, दोन-तीन पदं होतात आणि मग एखादा तरुण गायक ‘मत्स्यगंधा’तलं हिमशिखरांचं पद सुरू करतो. सभागृह सावरून बसतं. आवाज तयार असतो, सूर पक्का असतो, तालीम चांगली झालेली असते. नाटकात जे पद चार-पाच मिनिटांत आटोपायचं ते आता दहा-बारा मिनिटं रंगतं. आलापी होते, सरगम होते, तबल्याबरोबर सवालजवाब होतात, तिहाई येते आणि टाळ्यांचा कडकडाट होतो. मीही टाळ्या वाजवतो, मनापासून वाजवतो. आणि दर वेळी वाटतं, या पदात नेमकं काय घडतंय हे इथं बसलेल्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल?

एक ऋषी एका कोळ्याच्या पोरीला सोडून चालला आहे. पर्वत बोलावताहेत असं तो म्हणतो आणि ते खरंही असेल. त्याची साधना खोटी नाही. पण ज्या मुलीला त्यानं आपली म्हटलं, जिच्या होडीत बसून त्यानं नदी ओलांडली, ती मागं राहणार आहे. पदातली सगळी भव्यता तिच्या वाट्याला दुःख होऊन येते. नाटकात ते पद ऐकताना पराशराच्या स्वरानं अंगावर काटा यायचा आणि त्याच क्षणी त्या माणसाची चीडही यायची. वसंत कानेटकर आणि जितेंद्र अभिषेकी या दोघांनी मिळून काय केलं होतं, ते एवढ्या एका पदावरून सांगता येतं. आपण त्यातला काटा जपला आणि चीड हरवली.

‘मत्स्यगंधा’ १९६४ साली रंगभूमीवर आलं. मुंबईच्या दि गोवा हिंदू असोसिएशनचं नाटक. याच संस्थेनं दोन वर्षांपूर्वी कानेटकरांचं ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ केलं होतं आणि नाशिकला मराठी शिकवणारा हा प्राध्यापक एका नाटकानं घराघरांत पोचला होता. कानेटकर कवी गिरीशांचे चिरंजीव. रविकिरण मंडळाचं वातावरण त्यांनी लहानपणी घरातच पाहिलं होतं, त्यामुळे नाटकासाठी पदं लिहायची वेळ आली तेव्हा त्यांना दुसऱ्या कवीकडे जावं लागलं नाही. अभिषेकी मंगेशीचे. देवळात अभिषेकाचा मान असलेलं घराणं, वडील कीर्तनकार. संस्कृतचे पदवीधर. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर त्यांनी नोकरी केली, जगन्नाथबुवा पुरोहित ‘गुणीदास’ आणि अजमत हुसेन खाँ यांच्याकडे तालीम घेतली. संगीत नाटकाला स्वतंत्रपणे संगीत देण्याची ही त्यांची पहिली मोठी संधी होती. गोवा मुक्त होऊन तेव्हा जेमतेम अडीच वर्षं झाली होती. गिरगाव-दादरच्या गोवेकरांना ‘आपल्या माणसाचं नाटक’ या गोष्टीचं केवढं अप्रूप होतं, ते आज सांगून खरं वाटणार नाही.

ही जोडी यायच्या आधी संगीत नाटकाची अवस्था काय होती, हे थोडं सांगायला हवं. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्र’ात शंभराहून अधिक पदं. ते १८८२ साल होतं आणि पद हाच संवाद होता, म्हणून ते शोभलं. पुढे खाडिलकरांनी गोविंदराव टेंब्यांच्या चालींवर ‘मानापमान’ लिहिलं, १९११ साली, आणि टेंब्यांनी उत्तरेतल्या ठुमरी-कजरीचे ढंग मराठी रंगमंचावर आणले. १९१६च्या ‘स्वयंवर’ात भास्करबुवा बखल्यांनी रागसंगीताचं भांडारच उघडलं. ते सगळं अलौकिक होतंच. पण बालगंधर्वांसारखा गळा लाभला की लोकांचं मन भरेना. ‘वन्स मोअर’ सुरू झाले, एकेक पद अर्धा तास चाललं आणि नाटक पहाटेवर गेलं. रुक्मिणी काय म्हणतेय यापेक्षा गंधर्व काय म्हणतात हे मोठं झालं. मग बोलपट आले, कंपन्या मोडल्या. १९३३च्या ‘आंधळ्यांची शाळा’त केशवराव भोळ्यांनी मोजकी आणि छोटी पदं देऊन वेगळी वाट दाखवली होती, हे श्रेय त्यांचं. पण त्या वाटेवर रहदारी फारशी झाली नाही. १९६०च्या आगेमागे विद्याधर गोखल्यांच्या ‘पंडितराज जगन्नाथ’, ‘सुवर्णतुला’, ‘मंदारमाला’ या नाटकांनी प्रेक्षक पुन्हा संगीत नाटकाकडे वळवला होता. गोखल्यांनी जुनं वैभव प्रेमानं परत उभं केलं. नवं काय होऊ शकतं हे मात्र कानेटकर-अभिषेकींनी दाखवलं.

त्यांनी पदं मोजकी ठेवली. ती इतकी बेताची बांधली की त्यात गायकाला आपलं घर थाटायला जागाच राहिली नाही. ताना होत्या, पण त्या पात्राच्या मनःस्थितीत मावतील एवढ्याच. मुखडा एकदा ऐकला की ओठावर बसावा आणि अंतरा मात्र अशा ठिकाणी जावा की नुसतं गुणगुणणाऱ्याची दमछाक व्हावी, ही अभिषेकीबुवांची खासियत. त्यांच्या चालीत देवळातल्या कीर्तनाचा ठेका असतो, आग्रेवाल्यांची लयकारी असते आणि कोकणी गाण्यातला लडिवाळपणाही असतो. पण यातलं काहीच ‘हे बघा’ म्हणून पुढे येत नाही. शब्दांना चाल दिली की चालीवर शब्द बसवले, हे नुसतं ऐकून ओळखायचा मी पुष्कळदा प्रयत्न केला आहे. ओळखता येत नाही. दोघं एकमेकांसमोर बसून किती खल करत असतील, याचा अंदाज मात्र त्यावरून येतो.

‘मत्स्यगंधा’त सत्यवतीच्या, म्हणजे त्या कोळ्याच्या पोरीच्या, तोंडी जे पहिलं कोवळं गाणं येतं, ते तर कानेटकरांचं मूळचं नव्हेच. ती बालकवींची ‘तू तर चाफेकळी’. बालकवी गेले १९१८ साली. पाठ्यपुस्तकात आणि काव्यसंग्रहात राहिलेली ती कविता कानेटकरांनी उचलली आणि यमुनेच्या काठावरच्या, होडी वल्हवणाऱ्या मुलीला दिली. अभिषेकींनी तिला चाल अशी लावली की ती पाठ्यपुस्तकातली कविता आहे हे विसरायला व्हावं. आशालता वाबगावकर ते गाणं म्हणायच्या तेव्हा त्यांच्या आवाजात गवयाचा डौल नव्हता, ताजेपणा होता. त्याच सत्यवतीच्या तोंडी नाटकाच्या उत्तरार्धात जगण्याच्या भांडणाचा अर्थच हरवल्याचं पद येतं. चाफेकळीपासून तिथपर्यंतचा प्रवास संवाद करतातच, पण दोन पदांमधलं अंतर ऐकून तो जास्त कळतो. पहिलं गाणं ज्यानं नाटकात ऐकलं नाही त्याला दुसरं निम्मंच पोचतं, असं माझं ठाम मत आहे.

रामदास कामतांचा पराशर ज्यांनी पाहिला ते भाग्यवान. आवाज धारदार, उच्चार स्वच्छ, एकही अक्षर सुटायचं नाही. अंग फारसं हलायचं नाही, हात एका मर्यादेत फिरायचे. त्यांची ‘मत्स्यगंधा’तली पदं ध्वनिमुद्रिकांवर निघाली आणि मग रेडिओवर लागायला लागली. आमच्या चाळीत सकाळी पाण्याच्या वेळेला ‘आपली आवड’ किंवा नाट्यसंगीताचा कार्यक्रम सुरू असायचा, तेव्हा नळावरची भांडणंसुद्धा पदाच्या अंतऱ्यापुरती थांबायची. पण घरातली मोठी माणसं पद संपल्यावर पदावर बोलायची नाहीत, पराशरावर बोलायची. ‘गेला शेवटी टाकून,’ असं माझी आत्या दर वेळी म्हणायची. तिच्यासाठी ते पद म्हणजे एक बातमी होती. नाटक तिनं एकदाच पाहिलं असेल, पण पद ऐकलं की नाटक डोळ्यांपुढं उभं राहायचं. त्या पिढीच्या बाबतीत रेडिओनं नाटक खाल्लं नाही, त्याची आठवण ताजी ठेवली.

तेव्हाच्या म्हाताऱ्या मंडळींना हे सगळं पसंत होतं असं मात्र नाही. गंधर्वांचं गाणं ज्यांनी ऐन तारुण्यात ऐकलं होतं, त्यांच्या दृष्टीनं हे नाट्यसंगीतच नव्हे, ही तर भावगीतं झाली. माझे आजोबा त्यांपैकी एक. आम्ही पदं म्हणायला लागलो की ते शांतपणे उठून गॅलरीत जाऊन बसायचे. त्यांचं म्हणणं आज मला कळतं. त्यांनी पदामध्ये बुडून जाण्याचं सुख घेतलं होतं आणि या नव्या चाली श्रोत्याला बुडू देत नव्हत्या, मान धरून परत नाटकात आणून सोडत होत्या. गंमत अशी, की आजची मैफल पाहिली तर आजोबा खूश झाले असते. त्यांना हवा होता तो विस्तार परत आला आहे, फक्त भोवतीचं नाटक नाहीसं झालं आहे.

‘लेकुरे उदंड झाली’ हे या जोडीचं दुसरं नाटक, १९६६चं. माझ्या मते त्यांच्या कामातला सगळ्यात धाडसी भाग हाच आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. पौराणिक नाही, ऐतिहासिक नाही, मूल नसलेल्या एका शहरी जोडप्याची गोष्ट. दिवाणखान्यात बसलेली माणसं बोलता बोलता गायला लागतात. ‘मी आता पद म्हणतो’ असा पवित्रा कुठंच नाही. वाक्य अर्धं बोलण्यात, अर्धं सुरात. श्रीकांत मोघे काही बैठकीचे गवई नव्हते, आणि इथं तेच हवं होतं. त्यांचा राजशेखर प्रेक्षकांशी गप्पा मारतो, तक्रार करतो, लाडीगोडी लावतो आणि हे करताना लयीत शिरतो. किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ात दुष्यंत-शकुंतला पदांत बोलायची, तोच धागा या दोघांनी शहाऐंशी वर्षांनी उचलला आणि विसाव्या शतकातल्या मध्यमवर्गीय नवरा-बायकोच्या तोंडी दिला. या नाटकातली गाणी मैफलीत फारशी ऐकू येत नाहीत, कारण ती नाटकातून बाहेर काढताच येत नाहीत. बाहेर काढली की पाण्याबाहेरच्या मासोळीसारखी होतात. म्हणूनच मला ती इतकी मोलाची वाटतात.

पुढे ‘मीरा मधुरा’तही दोघं एकत्र आले. दरम्यान अभिषेकीबुवांकडे इतर नाटककारांची रीघ लागली होती. शिरवाडकरांचं ‘ययाति आणि देवयानी’ त्याच १९६६ सालचं. दोन वर्षांनी रणजित देसायांच्या ‘हे बंध रेशमाचे’साठी शान्ता शेळक्यांनी पदं लिहिली. फाळणीच्या काळातली ती गोष्ट, आणि शान्ताबाईंची भाषा त्यात अशी मऊ उतरली की दुःख आवाज न करता येतं. शान्ताबाई आणि अभिषेकी या जोडीवर स्वतंत्रच लिहायला हवं. इथं एवढंच म्हणतो, की कानेटकरांबरोबर जी रीत घडली ती बुवांनी प्रत्येक कवीबरोबर पाळली. आधी पात्र, मग प्रसंग, मग शब्द आणि सूर.

त्या रीतीची कसोटी लागली ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये. १९६७च्या जुलैत बालगंधर्व गेले. त्याच वर्षी २४ डिसेंबरला ‘नाट्यसंपदा’नं पुरुषोत्तम दारव्हेकरांचं हे नाटक आणलं. विषयच गाण्याचा, दोन घराण्यांच्या चुरशीचा. म्हणजे गायकांना मोकाट सुटायला याहून चांगलं निमित्त नाही. खाँसाहेब वसंतराव देशपांडे, पंडितजी भार्गवराम आचरेकर, सदाशिव प्रसाद सावकार, झरीना फैयाज, आणि कविराजाच्या भूमिकेत खुद्द प्रभाकर पणशीकर. वसंतराव तोवर पुण्यात लष्करी हिशेब खात्यातली नोकरी सांभाळून गाणारे, रसिकांना ठाऊक असलेले पण गर्दीच्या मोठेपणापासून दूर राहिलेले गवई होते. खाँसाहेबांच्या भूमिकेनं त्यांना महाराष्ट्रभर नेलं.

यातली एक गोष्ट मला नेहमी थक्क करते. भुंग्याचं जे पद नाटकात आहे, ते एकच पद दोन चालींत येतं. पंडितजींच्या घराण्याची चाल धानीतली, संयत, शांत, सगळ्यांना कवेत घेणारी. खाँसाहेबांची चाल सालगवराळीतली, तेज, चमकदार, आव्हान देणारी. शब्द तेच. दारव्हेकरांनी दोन घराण्यांतलं भांडण संवादांत लिहिलं आणि अभिषेकींनी तेच भांडण एका पदाच्या दोन चालींत मांडून दाखवलं. प्रेक्षकाला रागाचं नावही माहीत नसलं तरी त्याला कळतं की एकाचं गाणं देवापुढचं आहे आणि दुसऱ्याचं जिंकायला निघालेलं आहे. पुढे जिंकलेला खाँसाहेब हरलेल्या पंडितजींच्या हवेलीत राहायला येतो आणि तिथल्या जुन्या गाण्यांना रजा देणारं पद म्हणतो. ते पद गर्वाचं आहे. नाटकात ते ऐकताना पंडितजींची मुलगी उमा कुठं उभी आहे याकडे लक्ष जायचं. आज तेच पद कितीतरी मैफलींत ‘जुन्या गाण्यांची हळवी आठवण’ म्हणून सादर होतं. एका कार्यक्रमात निवेदकानं तसं म्हटलंही आणि लोकांनी माना डोलावल्या. गाणं उत्तम झालं. अर्थ नेमका उलटा झाला.

आता तेव्हाचं नाट्यगृह आठवतो. रंगमंचाच्या समोर खाली वादकांची जागा. डाव्या बाजूला पायपेटीचा ऑर्गन, उजवीकडे तबलजी. ऑर्गन वाजवणाऱ्याची नजर पेटीवर नसायची, नटाच्या खांद्यावर असायची. संवाद कुठं संपतोय, नट श्वास कुठं घेतोय हे बघून तो आधी अगदी हलका सूर भरायचा, की नटाला ‘सा’ मिळावा आणि प्रेक्षकाला कळूही नये. गोविंदराव पटवर्धनांसारख्या वादकाची ही कला पाहणं हा वेगळा आनंद होता. नटाची एखादी तान लांबली तर साथ लांबायची, नट थकलेला असेल तर साथीदार त्याला उचलून धरायचे. तिसरी घंटा, ऊद-धुपाचा वास, पडद्यामागून येणारे नांदीचे पहिले स्वर, आणि मग पडदा. दादरचं शिवाजी मंदिर, गिरगावातलं साहित्य संघ, पुण्याचं भरत नाट्य मंदिर आणि १९६८ नंतर बालगंधर्व रंगमंदिर. मुंबईच्या प्रेक्षकाला शेवटची लोकल गाठायची असे, तेव्हा पहाटेपर्यंत नाटक चालवणं शक्यच नव्हतं. अभिषेकींची आटोपशीर पदं कलेच्या विचारातून आली हे खरं, पण बदललेल्या शहरानंही त्यांना हात दिला असावा असं मला वाटतं.

आजच्या नाट्यगृहात ती वादकांची जागा बहुतेक वेळा मोकळी असते. ऑर्गनची जागा सिंथेसायझरनं घेतली, बऱ्याच प्रयोगांत आधी ध्वनिमुद्रित केलेलं संगीत येतं. दौऱ्यावर चार वादक न्यायचे म्हणजे प्रवास, राहणं, मानधन. निर्मात्याचं गणित जमत नाही हे मी समजू शकतो. पण मुद्रित संगीत नटाची वाट पाहत नाही. त्या दिवशी नटाचा श्वास अर्धा क्षण उशिरा आला तर त्यानं तो मागं घ्यायचा.

म्हणून आत्ताचं सगळं रडगाणंच आहे असं मात्र मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. आम्हाला एक पद पुन्हा ऐकायचं तर रेडिओच्या मर्जीवर राहावं लागायचं. आज सातवीतली मुलगी फोनवर रामदास कामतांचा पराशर, वसंतरावांचा खाँसाहेब, स्वतः बुवांची मैफल, सगळं एका संध्याकाळी ऐकू शकते आणि ऐकते. २००८-०९मध्ये झी मराठीच्या ‘लिटल चॅम्प्स’मध्ये शाळकरी मुलांनी नाट्यपदं म्हटली आणि त्यानंतर कितीतरी घरांतून गाण्याच्या शिकवण्या सुरू झाल्या. २०१०मध्ये राहुल देशपांडे यांनी ‘कट्यार’मधली आजोबांची, म्हणजे वसंतरावांची, भूमिका पुन्हा उभी केली. सुबोध भावे यांचं दिग्दर्शन, सदाशिव महेश काळे, म्हणजे बुवांच्याच हाताखाली तयार झालेला शिष्य. २०१५मध्ये त्यावर चित्रपट आला, शंकर महादेवन पंडितजी झाले, आणि त्यातल्या एका नव्या पदासाठी महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपटगृहात तरुण मुलं पदाला दाद देताना पाहून माझ्यासारख्याचं मन भरून आलं. शौनक अभिषेकी, देवकी पंडित, आशा खाडिलकर, अजित कडकडे, राजा काळे, प्रभाकर कारेकर, बुवांच्या तालमीतली माणसं मोजायला बसलं तर यादी संपत नाही. लोणावळ्यात शिष्यांना घरात ठेवून घेऊन बुवांनी जे दिलं, त्याला फळं आली. गाणं टिकलं याबद्दल शंकाच नको.

माझी तळमळ वेगळी आहे. गाणं टिकलं आणि त्याच्याबरोबरचा माणूस निसटला. कानेटकरांचं नाव आज मैफलीच्या पत्रिकेत असतं, पण ते ‘गीतकार’ म्हणून, दोन शब्दांत. ते नाटककार होते, आणि पद त्यांच्यासाठी संवादाचं पुढचं पाऊल होतं. ‘मत्स्यगंधा’चा पूर्ण प्रयोग पाहिलेली व्यक्ती चाळिशीच्या आत शोधून सापडणं मुश्कील. आशालताबाई २०२०मध्ये गेल्या, श्रीकांत मोघे २०२१मध्ये, रामदास कामत २०२२च्या जानेवारीत. दीड वर्षाच्या आत ती तिन्ही माणसं गेली, आणि प्रत्येक वेळी वाहिन्यांनी त्यांची एकेक पदं लावली. पद लावणं सोपं होतं. प्रसंग लावायला हाताशी काही नव्हतं.

मला वाटतं, निदान मैफलीत एवढं करता येईल. पदाआधी निवेदकानं रागाचं नाव आणि ‘या गाण्याची एक आठवण’ सांगण्याऐवजी संहितेतले आधीचे चार-पाच संवाद वाचावेत. त्यासाठी कलाकार लागतात असंही नाही, नीट वाचणारं माणूस पुरे. आणि गायकानं एकदा तरी पद मूळ लांबीचं म्हणावं. विस्तार करायचा तो दुसऱ्या पदात करावा, आमची काही तक्रार नाही. ज्या एका-दोन ठिकाणी असं झालेलं मी पाहिलं, तिथं टाळ्या जरा उशिरा पडल्या आणि मध्यंतरात लोक गाणाऱ्याऐवजी सत्यवतीबद्दल बोलत होते. शंतनू म्हातारा असताना तिनं लग्न का केलं, देवव्रताकडून ती प्रतिज्ञा घेणं योग्य होतं का, असं. चहाच्या रांगेत हे ऐकताना मला आत्या आठवली.

गोव्याची गोष्ट थोडी निराळी. तिथं देवळांच्या उत्सवांत गावची माणसं अजून संगीत नाटक अख्खं करतात, आणि कला अकादमीच्या स्पर्धेत पदासकट, ऑर्गनसकट प्रयोग होतात. आवाज कमीअधिक असतात, चुकाही होतात. पण कोण कुणाला काय म्हणतंय हे मांडवातल्या शेवटच्या माणसाला कळतं. मंगेशीच्या बुवांचं हे देणं त्यांच्या मातीत नाटकासकट राहिलं आहे, याचं मला समाधान वाटतं.

आणि कानेटकरांच्या नाशिकमधूनच २०१७ साली ‘संगीत देवबाभळी’ आलं. प्राजक्त देशमुख यांचं नाटक, संगीत आनंद ओक यांचं. तुकोबांना भाकरी घेऊन डोंगर चढणारी आवली, तिच्या पायात काटा रुतलेला, आणि तिची सेवा करायला लखुबाई होऊन आलेली रखुमाई. रंगमंचावर दोनच बायका. शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी काम करता करता गातात, भांडता भांडता गातात, आणि पद कधी सुरू झालं हे कळायच्या आत कथा पुढे गेलेली असते. त्यातल्या चाली कानेटकर-अभिषेकींसारख्या नाहीत, असण्याचं कारणही नाही. पण रीत तीच आहे, आधी पात्र, मग प्रसंग, मग शब्द आणि सूर. त्या नाटकातलं एकही पद मला अजून घरी नुसतं गुणगुणता आलेलं नाही. पहिली ओळ म्हणायला घेतली की आवली बोलायला लागते, तिला लखुबाई उत्तर देते आणि अख्खा प्रवेश पुढे सरकायला लागतो.